चार दिवसांपलीकडचे राणे

एप्रिल १९४८ मध्ये चार दिवस नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी रामा राघोबा राणे परमवीरचक्राचे मानकरी ठरले. जखमी होऊनही ते थांबले नाहीत. आपण मात्र त्यांना त्या चार दिवसांतच कोंडून ठेवतो, हा अन्याय आहे. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, पती आणि वडील म्हणून संसार केला. संसार खासगी, देश ऋणी आहे तो पराक्रमाचा, असे कुणी म्हणेल. पण सुरुंग काढणाऱ्याची सारी धडपड मागून येणारी माणसे जगावीत यासाठीच असते. मग १९९४ पर्यंतचे त्यांचे स्वतःचे जगणे चरित्रात एका ओळीत का उरकावे?