धरणाची नाडी

गोंदिया जिल्हा हा तलावांचा जिल्हा होय. त्यातील तिरोडा तालुक्यात, वनराजीने वेढलेल्या टेकड्यांच्या कुशीत बोदलकसा येथील तलाव आहे. १९१७ साली बांधलेल्या मातीच्या धरणाने हे पाणी अडविले आहे.

मातीच्या धरणातून थोडे पाणी नेहमीच पाझरते. पाझर स्वच्छ असेल, तर सहसा भय नसते. तो गढूळ झाला, तर मात्र पाण्याबरोबर आतील माती वाहत आहे, असे समजावे. आत लहानशी पोकळी होते, ती वाढते आणि अखेर बांध खचतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे फार उशिरा कळते.

असा उशीर किती घातक ठरतो, हे पुणेकरांनी अनुभविले आहे. १९६१ साली पानशेतचे धरण पुरते होण्यापूर्वीच पावसाने भरले. पाणी सोडण्याच्या मोरीवरील माती खचू लागली. जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली. परंतु १२ जुलै रोजी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याची वाताहत झाली.

म्हणून आता धरणाच्या पोटातच दाबमापक पुरून ठेवतात. जुन्या धरणांत भोके पाडूनही ते बसविता येतात. या यंत्रात एक पातळ पडदा व त्यास जोडलेली ताणलेली तार असते. मातीतील पाणी पडद्यास दाबते, तसा तारेचा ताण कमी होतो. तंबोऱ्याची तार सैल केली की तिचा स्वर उतरतो ना? तसेच येथे घडते. विजेच्या साहाय्याने तार छेडून तिची कंपने मोजली, की आतील दाब कळतो.

हीच युक्ती जहाजांसही उपयोगी पडते. काचतंतू व राळ यांपासून बनविलेल्या जहाजाच्या कवचात केसासारखे बारीक प्रकाशतंतू बसविता येतात. कवच ताणले गेले, की तंतूतून परत येणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म बदल होतो व आतील इजेचा सुगावा लागतो.

तलावाची पातळी चढली, तर धरणातील दाबही वाढणे स्वाभाविक आहे. परंतु पातळी स्थिर असता दाब वाढू लागला, तर ते दुखण्याचे लक्षण होय. यंत्र केवळ खूण देते. तिची रोज नोंद ठेवणे, तिचा अर्थ जाणणे आणि वेळीच धावून जाणे, हे माणसाचेच काम आहे. धरणाखालच्या गावांची निश्चिंत झोप या दक्षतेवरच अवलंबून असते.