जुन्या संगणकाला नवे अंगण



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि छोटा व्यवसाय करणारे आपले सभासद आम्हाला विचारू लागले, "चांगली चालणारी यंत्रे टाकून द्यायची का?"

लिनक्स हा मोफत पर्याय आहे. पण रोज नजरेसमोर असतो तो त्यावरचा डेस्कटॉप, आणि तो निवडावा लागतो. १९९६ साली सुरू झालेल्या केडीईची मांडणी विंडोजची सवय असलेल्यांना ओळखीची वाटते. १९९७ सालचा ग्नोम साधा व नेटका. रेड हॅटच्या कार्यालयीन लिनक्समध्ये तोच मुख्य असतो. एक्सएफसीई कमी मेमरीत भागवतो.

आम्ही रसायनवाले आधी परीक्षानळीत बघतो, मग मोठ्या भांड्यात. एका स्नेह्यांच्या दुकानात मात्र हेच विसरलो! शुक्रवारी तिन्ही यंत्रे बदलली. रविवारी हिशेबाचा प्रोग्राम उघडेना, कारण तो फक्त विंडोजसाठी होता. पगारपत्रक दोन दिवस रखडले. हिशेब बघणारे काका हळूच म्हणाले, "आता माझी गरज नाही ना?" ते ऐकून आमची मान खाली गेली.

म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. प्रिंटर, अरबी पावती आणि हिशेब तपासा. हिशेबाचे एक यंत्र जुनेच ठेवून त्याचे इंटरनेट काढा. आणि निवड मालकाने नव्हे, रोज त्यावर बसणाऱ्याने करावी.

त्या काकांनी केडीई निवडला. आता तेच इतरांना शिकवतात!