सात कोटींच्या शिलकेपासून पुरवणी मागण्यांपर्यंत

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाची बैठक भरली होती आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांच्या अंदाजपत्रकात सरत्या वर्षाची शिल्लक सात कोटी रुपये दिसत होती. एवढी शिलकीची रक्कम हिंदुस्थानच्या खजिन्याने पूर्वी पाहिली नव्हती, त्यामुळे सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. फर्ग्युसन कॉलेजातले पस्तीस वर्षांचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उठले आणि या अभिनंदनात आपल्याला मनापासून सहभागी होता येत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले.

गोखल्यांच्या हातात त्या दिवशी काय होते? १८९२च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, पण तेवढीच. ठराव मांडता येत नव्हता, मत देता येत नव्हते, कुठल्या खात्याच्या रकमेतला एक रुपयाही कमी करा असे सुचवता येत नव्हते. सरकारचे आकडे ठरून आलेले असत. तरीही ते भाषण सव्वाशे वर्षांनी वाचताना मी थक्क होतो, कारण त्यात संतापाचे शब्द थोडे आणि हिशेब फार आहे.

हिशेब असा होता. १८९४-९५च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सपर्यंत घसरला होता. लंडनला पौंडांत पाठवायच्या रकमेसाठी सरकारला जास्त रुपये लागत, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कर चढे ठेवलेले होते. १८९३मध्येच टांकसाळी बंद करून रुपयाचा पुरवठा आवळलेला होता, त्यामुळे पुढे हळूहळू भाव सोळा पेन्सवर गेला. आता लंडनच्या देण्याला कमी रुपये पुरू लागले, पण कर होते तिथेच राहिले. म्हणजे शिल्लक देशाच्या भरभराटीतून आलेली नव्हती. गरज संपल्यावरही चालू ठेवलेल्या करांतून ती आली होती. आणि कुठल्या वर्षांत? १८९६-९७चा दुष्काळ, १८९९-१९००चा दुष्काळ, मुंबई-पुण्यातला प्लेग, या वर्षांत. मिठावरचा कर १८८८मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केलेला होता, आणि मीठ तर दुष्काळात होरपळलेल्या घरालाही लागतेच.

ही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती. सोलापूरचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी अहवालांचे त्या काळातले बहुधा सर्वांत कसून वाचन करणारे गृहस्थ. गोखले त्यांच्याकडून आकडे आणि टिपणे मागवत. त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात घालून दिलेली शिस्त होती. १८९७मध्ये गोखल्यांनी लंडनला वेल्बी कमिशनसमोर साक्ष दिली होती. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या त्या आयोगात दादाभाई नौरोजी सदस्य म्हणून बसले होते. तिथल्या उलटतपासणीत गोखले सरकारी हिशेबाची कलमे कशी वाचायची हे आणखी पक्के शिकले असणार.

पुढचा क्रम बोलका आहे. १९०३मध्ये मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला, १९०५मध्ये दीडवर, १९०७मध्ये एकावर. १९०३मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सगळे एका भाषणाचे फळ आहे असे मी म्हणणार नाही. पण मताचा अधिकार नसलेला सभासद दर वर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांनी मांडत राहिला आणि सरकारला त्याचे उत्तर देत राहावे लागले, हे नोंदीत आहे.

मताचा अधिकार यायला बराच वेळ लागला, आणि आला तोही तुकड्यातुकड्याने. १९१९च्या कायद्याने केंद्रीय विधिमंडळाला काही मागण्यांवर मत मिळाले. लष्करी खर्चासारख्या मोठ्या बाबी मताबाहेरच राहिल्या. १९२१मध्ये लोकलेखा समिती स्थापन झाली, पण तिच्या अध्यक्षस्थानी खुद्द अर्थसदस्य! ज्याने खर्च केला त्यानेच तपासणीची बैठक चालवायची, ही व्यवस्था १९५०पर्यंत टिकली. राज्यघटना लागू झाल्यावर समिती सभापतींच्या अधिकाराखाली आली. तेव्हाचे सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या काळात समितीची कचेरी अर्थखात्यापासून सुटून संसदेच्या सचिवालयाकडे आली. ही गोष्ट कागदोपत्री किरकोळ वाटते, पण तपासणाऱ्याचा कारकून तपासल्या जाणाऱ्याचा नोकर असेल तर तपासणीत काय राम उरणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमके कळत होते. मे १९४९मध्ये घटना समितीत त्यांनी महालेखापरीक्षकांविषयी सांगितले की हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांपेक्षाही महत्त्वाची आहेत. हे अलंकारिक बोलणे नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेला माणूस बोलत होता. संसदेने मंजूर केलेला पैसा मंजूर कामावरच गेला का, हे तटस्थपणे सांगणारे कोणी नसेल तर संसदेच्या मंजुरीला अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे.

१९६७मध्ये आणखी एक पाऊल पडले. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा सुरू झाला आणि मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी हे असे पहिले अध्यक्ष झाले. आज समितीत लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालातले परिच्छेद समोर ठेवून खात्याच्या सचिवाची साक्ष होते. साक्षीला मंत्री नसतो, सचिव असतो, आणि बैठक बंद दाराआड चालते.

इथे मला मुंदडा प्रकरण आठवते. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या एका व्यवहाराचे वाभाडे काढले. महामंडळ जेमतेम सव्वा वर्षाचे होते. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय १९५६मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना झाला होता. या नव्या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले होते, आणि प्रश्न होता की कुणाच्या सांगण्यावरून. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते की सचिवाने आपल्याला न विचारता केले. छागलांनी निर्वाळा दिला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते. फेब्रुवारी १९५८मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. सुरुवात झाली होती सभागृहातल्या एका प्रश्नापासून, आणि सगळे ऐकायला जनता समोर बसली होती.

बंद दाराआडच्या समितीचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. कॅमेरा नसला की सदस्य पक्षाचा अंगरखा जरा बाजूला ठेवतात. समितीचे अहवाल बहुधा एकमताने येतात ते त्यामुळे. पण प्रकरण तापलेले असेल तर हाही आधार सुटतो. २०११मध्ये टू-जी स्पेक्ट्रमवरचा समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांचा मसुदा सत्ताधारी सदस्यांनी बहुमताने फेटाळला आणि सभापतींनी तो परत पाठवला.

तरीही लोकलेखा समिती ही खर्चानंतरची तपासणी झाली. परिच्छेद समितीपुढे येईपर्यंत अधिकाऱ्यांच्या बदल्या झालेल्या असतात, कंत्राटदाराचे अंतिम देयक निघालेले असते. माझी खरी काळजी आहे ती खर्चाआधीच्या मंजुरीची. घटनेने त्यासाठी तपशीलवार वाट आखून दिली: खातेनिहाय मागण्या, त्यांवर चर्चा, कपात सूचना, मतदान, मग विनियोजन विधेयक. धोरणच मान्य नसेल तर मागणी कमी करून एक रुपयावर आणा, अशी सूचना सदस्य मांडू शकतो. गोखल्यांना जो रुपया नाकारला होता, तो हाच.

आणि तो रुपया आपण वापरत नाही. लोकसभेत शंभराच्या आसपास मागण्या असतात. त्यांतल्या मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी सभापती गिलोटिन लावतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. २३ मार्च २०२३ रोजी गदारोळात एकाही मागणीवर चर्चा न होता ४५ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प लोकसभेने मंजूर केला. २०१८मध्येही असेच घडले होते. दोन्ही वेळा सरकार आणि विरोधक एकमेकांकडे बोट दाखवत होते. दोघेही आपापल्या जागी थोडे खरे होते, पण आरोग्य, शिक्षण, रेल्वे यांच्या पैशांवर बोलणे कुणाच्याच वाट्याला आले नाही.

महाराष्ट्राचे दुखणे थोडे वेगळे आहे. २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२४-२५चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ६,१२,२९३ कोटी, महसुली तूट २०,०५१ कोटी. त्याच भाषणात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि तिचा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. लगेच जुलैत, त्याच अधिवेशनात, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत २५,००० कोटी या योजनेचे होते.

पुरवणी मागणीत गैर काही नाही. घटनेच्या २०५व्या अनुच्छेदात तिची सोय आहे: मंजूर रक्कम कमी पडली, किंवा वर्षाच्या मधेच नवी बाब उद्भवली, तर. अवकाळी पाऊस किंवा पूर ही खरी कारणे आहेत. पण अर्थसंकल्पाची शाई वाळण्याआधी त्याच्या साडेपंधरा टक्क्यांएवढी रक्कम मागितली जाते, तेव्हा तुटीचा सांगितलेला आकडा आमदारांनी कशाच्या भरवशावर वाचायचा? निव्वळ भार काहीसा कमी असतो, काही रकमा केंद्राकडून येतात, हे धरूनही प्रश्न उरतो. महिलांच्या हाती थेट पैसे द्यावेत की नाही हा वेगळा वाद आहे, आणि द्यावेत या बाजूचे म्हणणे मला वजनदार वाटते. पण म्हणूनच तो पैसा मूळ अर्थसंकल्पात, मूळ तुटीत मोजून, राजरोस मागायला हवा होता.

आता विधानभवनातून जिल्ह्यात येऊ. महाराष्ट्र विधिमंडळाची पंचायत राज समिती हे आपले एक मोलाचे वैशिष्ट्य आहे. ‘पीआरसी येणार’ म्हटले की जिल्हा परिषदेत धावपळ उडते. रजा बंद होतात. प्रश्नावलीची उत्तरे बांधून पुस्तिका तयार होतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेतले वर्षानुवर्षे पडून राहिलेले आक्षेप अनुपालनासाठी कपाटाबाहेर येतात: अग्रीम दिले, समायोजन नाही. शाळाखोल्यांचा निधी आला, मुदतीत खर्च झाला नाही, परत गेला. साहित्य खरेदी झाले, लाभार्थ्यांची यादी जोडलेली नाही. समितीचे सदस्य गट करून तालुक्यांत जातात, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांची साठा नोंदवही उघडून प्रत्यक्ष कपाटाशी ताडून पाहतात, अंगणवाडीत पोषण आहाराची पोती मोजतात. मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. चांगल्या तयारीचा एक आमदार तिथे अर्ध्या तासात जे काढून घेतो, ते माहिती अधिकाराच्या दहा अर्जांनी हाती लागत नाही.

ही ताकद मोठी आहे, म्हणून तिला लागणारी कीडही गंभीर आहे. समित्यांच्या सरबराईसाठी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा होते, ही तक्रार जिल्ह्याजिल्ह्यांत नवी नाही. मे २०२५मध्ये विधिमंडळाचीच अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. समितीच्या अध्यक्षांनी आरोप नाकारले, आणि सरकारने विशेष तपास पथकाची घोषणा केली. पैसे कुणाचे, कशासाठी, हे तपासाने ठरेल. पण खर्च तपासायला आलेल्या समितीच्या नावाभोवती असा संशय फिरावा, याने मन विषण्ण होते. ज्या ग्रामसेवकाला, ज्या केंद्रप्रमुखाला समितीसमोर खरे बोलायचे होते, त्याने आता कुणाच्या भरवशावर बोलावे?

उपाय अवघड नाहीत. १९९३मध्ये संसदेने खातेनिहाय स्थायी समित्या नेमल्या. आज त्या चोवीस आहेत, प्रत्येकीत एकतीस सदस्य, मंत्र्याला प्रवेश नाही. अर्थसंकल्पानंतर सभागृहाला सुटी असते तेव्हा त्या मागण्या तपासतात. केरळने तर १९८०पासूनच विषय समित्या चालवल्या आहेत. तिथे मागण्या आधी समितीकडे जातात, मग सभागृहात मताला येतात. केरळच्या पद्धतीत अध्यक्ष मंत्रीच असतो, तेवढे आपण घेऊ नये. महाराष्ट्रात मागण्या मताला येण्याआधी अशी तपासणी रुळलेली नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, विधिमंडळाच्या नियमांत बदल पुरतो. पुरवणी मागण्याही आधी अशा समितीसमोर याव्यात, आणि ही बाब मूळ अर्थसंकल्पात का नव्हती, याचे लेखी कारण खात्याने जोडावे. महालेखापरीक्षकांचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, तेव्हा त्यांवर बोलायला कुणाकडे वेळच नसतो. ते पहिल्या आठवड्यात यावेत.

आणि पंचायत राज समितीची साक्ष जिल्हा परिषदेच्या सभागृहात खुली व्हावी. ब्रिटनच्या लोकलेखा समितीसमोरच्या साक्षी नागरिकांना घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे सुरुवात जिल्ह्यापासून करता येईल. दौऱ्याचा सगळा खर्च विधिमंडळाच्या तिजोरीतून व्हावा, त्याचा हिशेब त्याच आठवड्यात जाहीर व्हावा, आणि समितीने औषधांचे कपाट उघडले त्या गावातल्या आशा सेविकेला, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आईला आणि तालुक्याच्या वार्ताहराला मागच्या बाकांवर बसून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची उत्तरे ऐकता यावीत.