मोसे खोऱ्याची लेक

पिरंगुटहून मुठ्याच्या रस्त्याला लागावं, टेमघरचा घाट चढून पलीकडे उतरावं, की मोसे खोरं दिसतं. दिसतं म्हणजे पाणीच दिसतं. वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. पण रोज सकाळी पेपरात पाणीसाठ्याचे आकडे पाहणारे आपण पुणेकर ‘वरसगाव’च म्हणतो. १२.८२ टीएमसी पाणी, आणि त्याखाली मोसे नदीकाठची जुनी शेतं.

बाजी या खोऱ्याचे देशमुख, शिवरायांचे सुरुवातीचे साथीदार, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी आलो होतो त्यांच्या लेकीसाठी, सावित्रीबाईंसाठी. दासवे गावाच्या अलीकडे एक आजोबा भाताचे भारे बांधत होते. नाव काढताच हातातला बंध तसाच धरून ते बांधावर बसले आणि सांगू लागले.

रोहिडखोऱ्यात, कारीच्या जेध्यांकडे भाऊबंदकी पेटली. नाईकजी जेध्यांना सख्ख्या भावांनीच मारलं. तान्ह्या कान्होजीला देवजी महाला यानं तिथून काढलं आणि डोंगर ओलांडून बाजींच्या आसऱ्याला आणलं. जेध्यांच्या जुन्या कागदात, जेधे करीन्यात, ही हकिकत आहे. आजोबांकडे ती त्यांच्या आजीकडून आलेली. बाजींनी पोर वाढवलं आणि हाताशी आल्यावर आपली सावित्री त्याला दिली.

मला या लग्नाचं फार अप्रूप वाटतं. सोयरिक जुळवताना मुलीकडचे घरदार बघतात, भावकी बघतात. इथे तर भावकीनंच मुलाच्या बापाचं रक्त सांडलेलं. तरी एवढ्या मोठ्या देशमुखानं पोटची पोर दिली. “जावई घरात वाढवला,” आजोबा म्हणाले, “पर लेक घरात न्हाय ठेवली. कारीला नांदाया धाडली.”

पुढचं भराभर सांगतो. सावित्रीबाई आणि कान्होजींचा मुलगाही बाजी, आईच्या वडिलांच्याच नावाचा. १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीत बेलसरला त्यानं निशाण वाचवलं आणि ‘सर्जेराव’ झाला. त्याच सुमाराला बाजी पासलकर लढाईत पडले. त्यांची समाधी सासवडला आहे. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांपुढे उभे राहिले, वतनावर पाणी सोडलं. याच घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणली.

एवढं सगळं ज्या सोयरिकीतून उगवलं, तिची एक ओळसुद्धा या रस्त्यावर मला वाचायला मिळाली नाही. रिसॉर्टच्या पाट्या वळणावळणाला आहेत. पुढे लवासाच्या रंगीत इमारती. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग मात्र लागते. त्यातल्या पोरांना सावित्रीबाईंचं नाव कुणी सांगत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

निघताना आजोबांनी पाण्यापलीकडच्या डोंगराकडे विळा केला. “तिकडनं उतरलं की वेल्हं, आन् फुडं भोर. आमच्या लेकी त्याच वाटंनं जायच्या.”