धुराच्या पैशाची वाटणी

समजा हॉस्टेलच्या कॉमन रूममधला टीव्ही कुणीतरी फोडला आणि त्याच्याकडून दंड वसूल झाला. आता हा दंड कॉलेजच्या ऑफिसात जमा होणार, की टीव्हीविना बसलेल्या ब्लॉकला मिळणार? अमेरिकेत हाच प्रश्न अब्जावधी डॉलरच्या बाबतीत उभा राहिला!

झालं असं, की १९९४ साली मिसिसिपी राज्याने सिगारेट कंपन्यांवर खटला भरला. मुद्दा साधा होता. सिगारेटमुळे आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचाराचा खर्च सरकार करतं, तो कंपन्यांनी भरून द्यावा. मग एकेक करत इतर राज्येही उतरली. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा यांनी वेगळी तडजोड केली. उरलेल्या ४६ राज्यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये एकत्र करार केला. पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर, आणि त्यानंतरही दरवर्षीचा हप्ता चालूच.

पण करार झाला राज्यांशी, आणि गरीब पेशंट जातो काउंटीच्या हॉस्पिटलात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सॅन फ्रान्सिस्कोने तर १९९६ सालीच स्वतःचा दावा लावला होता. राज्याच्या करारामुळे असे दावेही निकालात निघणार होते. म्हणून कॅलिफोर्नियात राज्य आणि स्थानिक सरकारं यांनी आपसात वाटणी ठरवली. १०० डॉलर आले, तर ५० राज्याला. ४५ डॉलर ५८ काउंट्यांना, लोकसंख्येच्या प्रमाणात. उरलेले ५ लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्को या चार शहरांना, प्रत्येकी सव्वा डॉलर. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, त्यामुळे त्याला दोन्हीकडून वाटा!

आता तुम्ही म्हणाल, छान झालं की! थांबा. हे पैसे आरोग्यावरच खर्च करा, अशी अट करारात नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोने काही पैसा लगुना होंडा हे जुनं हॉस्पिटल नव्याने बांधायला वापरला. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा काउंटीने मात्र गोल्फच्या मैदानावर पाण्याचे फवारे बसवले!

दुसरी गोम हप्त्याच्या फॉर्म्युल्यात आहे. महागाईप्रमाणे हप्ता वाढतो (दरवर्षी किमान ३ टक्के), पण सिगारेटचा खप घटला की हप्ताही घटतो. कित्येक काउंट्यांनी तर पुढच्या हप्त्यांवर रोखे काढून पैसा आधीच उचलला. म्हणजे लोकांनी सिगारेट सोडावी हेही त्यांनाच बघायचं, आणि सोडली तर रोख्यांची फेड अडते!

यातून लोक शिकले. २०२१ साली ओपिऑइड गोळ्यांच्या कंपन्यांशी २६ अब्ज डॉलरची तडजोड ठरली, तेव्हा बहुतांश पैसा व्यसनाचं संकट निवारण्यावरच खर्च व्हावा, असं करारातच घातलं गेलं.

थोडक्यात काय, ब्लॉकला दंडाचे पैसे मिळाले एवढ्यावर खूश होऊ नका. त्यातून टीव्हीच आणायचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.