लष्करी मोटारसायकल आणि तिचा खरा पार्ट

(देऊळघाट, जि. बुलढाणा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? बरं.

जुन्या लष्करी मोटारसायकली हा विषय देऊळघाटात कशाला, असं दोघा-तिघांनी आम्हाला येतानाच विचारलं. उत्तर सोपं आहे. शहरात जागा नसते, त्यामुळे गाडी बंद पडली की ती भंगारात जाते. खेड्यात ती कुटाराच्या खोलीत उभी राहते. ‘आबांची गाडी आहे, राहू द्या’ म्हणून चाळीस-चाळीस वर्षं तिला कुणी हात लावत नाही. मग एक दिवस भंगारवाला येतो आणि वजनावर भाव करतो. तो दिवस येण्याआधी आपल्याला काय माहीत असायला हवं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी गाडी ओळखा

आपल्याकडे सापडणाऱ्या लष्करी गाड्यांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गाड्यांचा. युद्ध संपल्यावर शिल्लक माल विकला गेला. जुनी माणसं त्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणायची. त्यात बीएसए एम20 होती, 496 सीसीची, साइड व्हॉल्व्ह इंजिनाची. युद्धकाळात ती सव्वा लाखाच्या आसपास बनली. नॉर्टन 16एच होती, 490 सीसीची. मॅचलेस जी3/एल होती आणि रॉयल एनफील्डची डब्ल्यूडी/सीओ होती, दोन्ही 350 सीसीच्या वर्गातल्या.

दुसरा गट स्वातंत्र्यानंतरच्या बुलेटचा. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या लष्कराने सीमेवरच्या कामासाठी 350 सीसी बुलेट निवडली. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथेच बनू लागली. लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या बुलेट पुढे गावोगावी पोचल्या.

आता गंमत बघा. साध्या बुलेटला हिरवा रंग मारला की बाजारात ती ‘मिलिटरीची’ होते, आणि किंमतही वाढते. म्हणून रंगावर जायचं नाही. इंजिनावरचा नंबर आणि चॅसिसवरचा नंबर आधी बघायचा. तेलकट थर रॉकेलने धुवा, मऊ ब्रश वापरा. घासकागद आणि ग्राइंडर नंबराच्या जवळपासही आणू नका. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास अदलाबदल व्हायची, त्यामुळे दोन नंबर जुळले नाहीत म्हणून गाडी खोटी ठरत नाही. पण पुसलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला, तर तिथूनच परत फिरा. नंबरात फेरफार करणं हा गुन्हा आहे.

मूळ रंग कुठे लपलेला असतो

रंग खरवडण्याआधी टाकीच्या खालची बाजू बघा, हेडलाइटच्या वाटीच्या आत बघा, टूलबॉक्सच्या मागे बघा. तिथे नंतरचा रंग सहसा पोचलेला नसतो. बारीक वॉटर पेपरने हळूहळू ओलं घासलं की थर एकेक करून उघडतात. ब्रिटिश गाड्या युद्धाच्या सुरुवातीला खाकी-हिरव्या होत्या, 1942 पासून तपकिरी रंग आला आणि 1944 पासून ऑलिव्ह. म्हणजे 1943ची गाडी ‘मिलिटरी आहे’ म्हणून हिरवीगार करणं हेही चूकच.

असंच रबराचं. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेलं, त्याआधीच मलायाही गेलं होतं. ब्रिटिशांना रबराचा मोठा पुरवठा तिथून व्हायचा. तो तुटला आणि त्याचा परिणाम थेट मोटारसायकलवर दिसला. हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या झाल्या, पाय ठेवायचे दांडे नुसत्या लोखंडाचे आले. आज एखाद्याला तसे दांडे मिळतात, त्याला वाटतं रबर झिजून गेलं असणार, आणि तो छान नवं रबर चढवतो. त्या गाडीवरची युद्धाची खूण त्याने स्वतःच्या हाताने पुसलेली असते.

दोन सुती बोल्टचा घोळ

आता सगळ्यात महत्त्वाचं: आटे. आमची पहिली मोठी चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपला मिस्त्री ‘दोन सूत’ म्हणतो तेव्हा त्याला पाव इंच म्हणायचं असतं, म्हणजे 6.35 मिलिमीटर. पण पाव इंची बोल्ट एका जातीचा नसतो. व्हिटवर्थचा असेल तर एका इंचात 20 आटे. बीएसएफ असेल तर 26. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर ज्याचा भरपूर वापर आहे, तो सायकल थ्रेडही 26चाच. मग फरक काय? बीएसएफच्या आट्याचा कोन 55 अंशांचा, सायकल थ्रेडचा 60 अंशांचा. आटे मोजले तर सारखे भरतात, पण बसतात वेगळे. शिवाय अमेरिकन यूएनएफ आहे, त्याचे 28.

आणि दुकानात सहज मिळतो तो कुठला? एम6. त्याची जाडी 6 मिलिमीटर, आणि आटे इंचाला 25.4 पडतात. म्हणजे 26च्या अगदी जवळ. तो पाव इंची भोकात सरळ आत जातो, हाताला थोडा सैल लागतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम. आम्हीही तेच केलं. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये एम6 बोल्ट घातला आणि पाना आवळला. पोलादाचा बोल्ट जसाच्या तसा राहिला, ॲल्युमिनियमचे आटे मात्र भुग्यासारखे बाहेर आले. सत्तर वर्षं टिकलेली केसिंग आम्ही एका मिनिटात घालवली. नंतर बुश बसवून नवे आटे पाडले, पण ती जखम आहे ती आहेच.

तेव्हापासून आमचा नियम: थ्रेड गेज आणि व्हर्नियर हातात असल्याशिवाय एकही बोल्ट विकत घ्यायचा नाही. जुना बोल्ट गंजलेला असो, वाकलेला असो, काम पूर्ण होईपर्यंत टाकायचा नाही. तोच आपला नमुना. पिशवीत घाला आणि चिठ्ठी लावा: कुठला, कुठल्या बाजूचा.

माप जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं नाही

युद्धकाळातल्या एनफील्ड डब्ल्यूडी/सीओचं बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90. आपल्या बुलेट 350चंही तेच, 70 आणि 90. मग काय, बुलेटचा पिस्टन घाला! असा सल्ला हमखास मिळतो. पण पिस्टनचं माप म्हणजे नुसता व्यास नव्हे. पिनची जाडी किती, पिनपासून माथ्यापर्यंत उंची किती, माथ्याचा आकार कसा, रिंगा किती जाडीच्या, खालचा घेर किती लांब, हे पाचही मोजायचं. उंची थोडी जास्त असली तरी पिस्टन व्हॉल्व्हला धडकू शकतो. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून मोजा, मगच पैसे द्या.

मॅग्नेटोचंही तसंच. गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते आणि तापली की बंद पडते, तर लोक कार्बोरेटर बदलत बसतात. पुष्कळदा दोष मॅग्नेटोतल्या जुन्या कंडेन्सरचा किंवा वेटोळ्याच्या इन्सुलेशनचा असतो. तिथे अख्खा मॅग्नेटो बदलायची गरज नसते. आतलं काम जाणकाराकडून करून घ्यायचं आणि बाहेरचं मूळ घर तसंच ठेवायचं.

दोन ठिकाणी मात्र मूळपणाचा हट्ट नको. पेट्रोलच्या नळ्या नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्याच घाला, कारण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. आणि ब्रेकचं लायनिंग. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो भुगा फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जिवाशी खेळ करून खरेपणा जपायचा नसतो.

शोधायचं कुठे

बुलेटच्या पार्टांसाठी दिल्लीचं करोलबाग प्रसिद्धच आहे. जुन्या मालासाठी मुंबईचा चोरबाजार, चेन्नईचं पुदुपेट आणि बुधवारी-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार. ब्रिटिश गाड्यांचे नवे बनवलेले पार्ट इंग्लंडहून मागवता येतात, मात्र कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. बोअरिंग, स्लीव्ह, बुश यांसाठी फार लांब जायला नको. जालना, वाळूज इथे चांगले टर्नर मिळतात. त्यांना तोंडी वर्णन देऊ नका, नमुना आणि माप द्या.

आणि एक ठिकाण आपण विसरतो: गावातले माजी सैनिक. ज्याने ती गाडी चालवली, दुरुस्त केली, त्याला कुठला ब्रॅकेट कुठे होता ते आठवतं. चहा पाजा आणि गाडीचे फोटो दाखवा.

ऑनलाइन मात्र जपून. ‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, आधी थोडे पैसे पाठवा’ असा फोन आला की समजायचं, गाडीच नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

कागद

2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी त्यात नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी 20 हजार, नोंदणी 10 वर्षांची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही. म्हणजे ‘मूळ स्वरूप’ हा आता नुसता हौसेचा शब्द राहिलेला नाही. लिलावाची पावती, जुनं आरसी बुक, आजोबांच्या पेटीतला पिवळा पडलेला कागद, यातलं काहीही फेकू नका.

एक प्रश्न

‘खर्च किती येतो?’ असं समोरून विचारलंय. आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल. खर्च असलेल्या पार्टांवर ठरत नाही, नसलेल्यांवर ठरतो. गंजलेली पण पूर्ण गाडी ही चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून घेण्याआधी काय नाही याची यादी करा. घरचीच गाडी असेल, तर आज घरी जाऊन एवढंच करा: चारही बाजूंनी फोटो काढा, नंबर लिहून ठेवा, स्पार्क प्लग काढून आत थोडं तेल सोडा आणि वर ताडपत्री टाका. किक मारायची घाई करू नका. बाकीचं सावकाश करता येईल.

बाहेर टेबलावर आम्ही थ्रेड गेज आणि वेगवेगळे दोन सुती बोल्ट ठेवलेत. आमचा तो एम6ही आहे. हातात घेऊन बघा.