विश्लेषण : सुटका केलेला कुत्रा थेट दत्तक का देत नाहीत? ‘फॉस्टर’ घरात नेमके काय होते?

‘लॅब्राडॉर, मादी, वय अंदाजे सहा. गच्चीवर बांधून ठेवली होती. तातडीने घर हवे.’ असा संदेश आणि बरगड्या दिसणाऱ्या कुत्रीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येतोच. खाली रडक्या इमोजींची रांग लागते, दोघे-तिघे ‘आम्ही घेतो’ असेही कळवतात. तरीही अनुभवी कार्यकर्ते त्या दिवशी कुत्री कोणाच्या हाती सोपवत नाहीत. आधी काही आठवडे ती तात्पुरत्या घरी राहते. या घराला आता मराठीतही सर्रास ‘फॉस्टर’ म्हणतात. घर द्यायला लोक तयार असताना हा उशीर कशासाठी?

ही कुत्री येतात कुठून?

काही रस्त्यावरची असतात. अपघातात सापडलेली, आई मेलेली पिल्ले, लूत लागून केस झडलेली. पण मुंबई-पुण्यात आता जातिवंत कुत्रीही मोठ्या संख्येने येतात. करोनाच्या टाळेबंदीत हौसेने घेतलेले आणि कार्यालये सुरू झाल्यावर नकोसे झालेले; बदली, घटस्फोट किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने सोडलेले; कोकणच्या दमट हवेत बाल्कनीत धापा टाकणारे हस्की. सर्वांत वाईट स्थितीत येतात त्या पैदाशीसाठी वापरलेल्या माद्या. वेतामागून वेत काढून घेतल्यावर त्यांचा उपयोग संपतो आणि त्या हमरस्त्यावर सोडल्या जातात.

पाळीव प्राण्याला असे सोडून देणे हा ‘प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध कायदा, १९६०’च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर दोन वडापाव. कायद्याचा धाक किती असेल, हे यावरून कळावे.

पहिले काही दिवस : दया आवरायची

फॉस्टर घरातला पहिला नियम मनाला पटत नाही. उपाशी कुत्र्याला पोटभर जेवू घालायचे नाही. खूप दिवस उपासमार झालेल्या शरीरात एकदम अन्न गेले, तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून पशुवैद्यकाने ठरवून दिलेले थोडे-थोडे अन्न दिवसातून चार-पाच वेळा. दूध नको, अनेक कुत्र्यांना त्याने जुलाब होतात. घरातली उरलेली भाजी-आमटीही नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक ठरतो.

दुसरा नियम, वेगळे ठेवण्याचा. पार्व्हो या आजाराची लक्षणे संसर्गानंतर काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे नवे पिल्लू साधारण दोन आठवडे घरातल्या इतर कुत्र्यांपासून दूर ठेवतात. पार्व्होचा विषाणू फरशीवर, अंगणात महिनोन्‌महिने तग धरतो. ज्या घरात हा आजार अलीकडे होऊन गेला आहे, तिथे लस न झालेले पिल्लू ठेवूच नये.

लूत लागलेल्या कुत्र्याला जळालेले इंजिन ऑईल फासण्याचा ‘रामबाण’ उपाय गॅरेजपासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे सांगितला जातो. तो साफ चुकीचा आहे. कुत्रा ते चाटतो, ते कातडीतूनही शरीरात भिनते आणि विषबाधा होते. लूत सूक्ष्म किडींमुळे होते. आज त्यावर गोळ्या उपलब्ध आहेत आणि दोन-तीन महिन्यांत उघडी पडलेली पाठ केसांनी भरून येते. अंगदुखीवर आपल्या डब्यातली गोळी देणेही तितकेच धोक्याचे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात.

गोचिडांचा ताप ही आपल्याकडची आणखी एक नेहमीची बाब. कुत्रा नुसता मलूल दिसतो, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्ततपासणीत निदान झाले की बऱ्याचदा चार आठवडे औषध चालते. तिसऱ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवू लागला म्हणून औषध थांबवायचे नसते.

‘किती शांत आहे!’ हा गैरसमज

फॉस्टर घराची खरी गरज इथे आहे. वर्षानुवर्षे साखळीला बांधलेला कुत्रा नव्या घरी आला की कोपऱ्यात बसून राहतो. भुंकत नाही, काही मागत नाही. पाहुणे म्हणतात, किती गुणी! प्रत्यक्षात तो घाबरून गोठलेला असतो. प्राणिमित्रांमध्ये ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा आहे. तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत कुत्रा खऱ्या अर्थाने रुळतो. हे काही शास्त्र नव्हे, पण अनुभवाला बऱ्यापैकी उतरते.

त्याचा खरा स्वभाव दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतो. जेवताना कोणी जवळ गेले की गुरगुरतो का? केर काढायला झाडू उचलला की पलंगाखाली पळतो का? एकटे ठेवल्यावर दार ओरबाडतो का? लहान मुलांच्या आरड्याओरड्याने बिथरतो का? पहिल्याच दिवशी दत्तक दिला असता, तर हे सगळे नव्या कुटुंबासमोर अचानक आले असते आणि कुत्रा परत आला असता. परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा घर मिळणे अधिक कठीण होते.

काही गोष्टी तर आपल्या ध्यानीमनीही नसतात. गच्चीवर वाढलेल्या कुत्र्याला जिना उतरता येत नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तिथे जुनी सतरंजी अंथरावी लागते. पिंजऱ्यात वाढलेली मादी जिथे झोपते तिथेच शू-शी करते, कारण तिला दुसरी जागाच कधी मिळालेली नाही. तिला ओरडून उपयोग नाही. उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी बाहेर न्यायचे आणि तिथे केले की लगेच खाऊ द्यायचा, एवढाच मार्ग. जेवताना गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. गुरगुर ही त्याची पूर्वसूचना असते. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. त्याऐवजी लांबून ताटलीत जास्तीचा चविष्ट तुकडा टाकत राहिले, तर माणूस जवळ येणे म्हणजे काहीतरी चांगले मिळणे, हे त्याच्या लक्षात येते.

चावण्याची भीती?

ती रास्त आहे. फॉस्टर करणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी. तरीही दात किंवा नखे लागलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. कुत्र्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर पशुवैद्यकाला तसे स्पष्ट सांगावे.

दत्तक देताना चौकशी इतकी का?

लोकांना या चौकशीचा राग येतो. घर पाहायला येणार, घरातल्या प्रत्येकाशी बोलणार, भाड्याचे घर असेल तर मालकाची संमती मागणार. पण जातिवंत मादी फुकट मिळते आहे म्हटल्यावर पैदास करणारेही ‘प्रेमळ कुटुंब’ बनून फोन करतात. म्हणून तिचे निर्बीजीकरण करूनच ती देण्याचा आग्रह असतो. ती अशक्त असेल, तर वजन भरेपर्यंत शस्त्रक्रियेसाठी थांबावे लागते आणि मुक्काम लांबतो. सोसायटी हरकत घेईल, अशी भीती अनेकांना असते. पण पाळीव कुत्रे ठेवण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेकडे नोंदणी आणि दरवर्षीचे लसीकरण ही मात्र मालकाची जबाबदारी.

रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही आला. इच्छुकांना त्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येईल, पण असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर राहील, असे न्यायालयाने म्हटले. उत्साहात अर्ज करणाऱ्यांनी ही दुसरी अट दोनदा वाचलेली बरी.

फॉस्टर व्हायचे असेल तर…

‘दोनच दिवस ठेवा हो’ या विनंतीला भुलू नका. दोन दिवसांचे दोन महिने होतात. औषधपाण्याचा खर्च कोण करणार, पशुवैद्यक कोणता, तुम्ही गावाला गेलात तर कुत्रा कुठे राहील आणि नाहीच जमले तर तो परत कोण नेणार, हे आधी लिहून घ्या. घरात कुत्रा असेल, तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, फिरता-फिरता घडवा. जेवण दोघांना वेगवेगळ्या खोलीत द्या.

पहिले काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घालूनच बाहेर न्या. भेदरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून सहज निसटतो आणि अनोळखी भागात हाकेला ओ देत नाही. पट्ट्याला फोन नंबरची पाटी हवीच.

बरेच जण ठेवता-ठेवता कुत्रा स्वतःच दत्तक घेतात. कार्यकर्ते गमतीने याला ‘फॉस्टर फेल’ म्हणतात आणि त्या कुत्र्यापुरते आनंदीही होतात. पण त्यांच्या यादीतले एक तात्पुरते घर कमी होते आणि अशी घरे आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

कुत्रा नव्या घरी जाताना लसीकरणाचे कार्ड, जेवणाच्या वेळा, त्याला कशाची भीती वाटते याची टिपणे आणि त्याने वापरलेली न धुतलेली चादर सोबत द्या. ओळखीच्या वासाने पहिली रात्र सोपी जाते. आणि दिवाळीच्या आठवड्यात कुत्रा नव्या घरी पाठवू नका. फटाक्यांच्या आवाजाने तो पळाला, तर परत यायला त्याला अजून त्या घराचा पत्ताही ठाऊक नसतो.